‘क’च्या डोक्यावर ‘ग’

वैशाखातली दुपार, नागपूरच्या प्रताप नगरातल्या घरात कूलरची अखंड घरघर, आणि मेजावर नवा लॅपटॉप, त्याला जोडलेला कळफलक व हेडसेट. भाषांच्या यादीतून मराठी निवडली, खिडकीचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून रोमनमधून देवनागरीत आलो, आणि पहिला शब्द उमटवला तो वस्तीचाच. कळांवर एकही मराठी अक्षर छापलेले नव्हते; तरी पडद्यावर ‘प्रताप नगर’ उमटले. ‘नगर’ लिहिताना बोटे तिन्ही ओळींत हिंडली होती: ‘न’ खालच्या, ‘ग’ वरच्या आणि ‘र’ मधल्या ओळीत. हा विखुरलेपणा आहे की रचना, असा प्रश्न पडला की आपण त्या कळांचे रसिक होऊ लागतो.

ही मांडणी इनस्क्रिप्टची. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती 1986 मध्ये प्रमाण केली, 1988 मध्ये सुधारली, आणि 1991 च्या भारतीय मानकात ती स्थिरावली. उजव्या हाताचे मधले बोट ‘के’वर ठेवू या. नुसती कळ दाबली की ‘क’, शिफ्टसह ‘ख’. तेच बोट एक पायरी वर सरकले की ‘ग’, शिफ्टसह ‘घ’. शेजारच्या अनामिकेखाली त, थ, द, ध. करंगळीच्या वाट्याला च-वर्ग आणि ट-वर्ग. तर्जनीकडे प, फ, ब, भ. मधल्या ओळीत अघोष, वरच्या ओळीत घोष, आणि शिफ्ट म्हणजे महाप्राण! लहानपणी पाटीवर गिरवलेला वर्णांचा तक्ता इथे बोटांखाली उभा राहिला आहे. ज्या वैयाकरणांनी कंठापासून ओठांपर्यंत ध्वनींची रांग लावली, त्यांचीच शिस्त प्लास्टिकच्या कळांत नांदते आहे.

आता डाव्या हाताकडे वळू या, कारण स्वरांचे राज्य तिथे. नुसत्या कळेवर मात्रा, शिफ्टसह तोच स्वर स्वतंत्रपणे: काना आणि ‘आ’ एका घरात, वेलांटी आणि ‘इ’ दुसऱ्या घरात. पण माझे मन जडले ते ‘डी’वर. नुसती दाबली तर हलन्त, म्हणजे व्यंजनाच्या पोटातला ‘अ’ काढून घेणारे चिन्ह. शिफ्टसह दाबली तर साक्षात ‘अ’. अक्षराचा प्राण हरणारी आणि तोच प्राण स्वतंत्रपणे देणारी कळ एकच, हे ज्याला सुचले त्याची रसिकता किती सूक्ष्म! उजवीकडे ‘जे’वर ‘र’ आहे, शिफ्टसह ‘ऱ’. त्याच्यापुढे हलन्त आणि ‘य’ दिला की ‘वाऱ्या’तला डौलदार अर्धा र उमटतो, जो नसता तर मराठीचा वारा ‘वार्या’ होऊन अडखळला असता.

मग हेडसेट कानावर चढवला आणि पातळीच्या पट्टीकडे पाहत ‘प, फ, ब, भ’ म्हणून पाहिले. ‘प’ला पट्टी शांत, ‘फ’ला आणि ‘भ’ला उसळी! बोटांनी शिफ्ट दाबून जो महाप्राण लिहिला, तोच इथे मायक्रोफोनवर फुंकर होऊन आदळत होता. म्हणून मायक्रोफोन तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी वळवावा; श्वास बाजूने निघून जातो, वर्ण तेवढा उरतो. बोलण्याची शिखरे उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवली की शून्याच्या छताला आवाज घासत नाही, आणि भावनेच्या भरात सूर चढला तरी जागा उरते. मायक्रोफोनचे अंतर निम्मे केले की आपला आवाज सुमारे 6 डेसिबलने चढतो, कूलर मात्र खोलीच्या कोपऱ्यात जिथल्या तिथे घरघरत राहतो. एवढ्या लहानशा सरकण्यात नागपूरचा उन्हाळा मागे हटतो आणि कंठ पुढे येतो.

यंत्र जोडता जोडता अशी उमज येते की कळफलक आणि मायक्रोफोन ही एकाच वर्णमालेची दोन दारे आहेत. एकातून ती बोटांवाटे आत जाते, दुसऱ्यातून श्वासावाटे. आज रात्री आपणही आपल्या वस्तीचे नाव या मांडणीत लिहून पाहा, आणि लिहिताना ते मोठ्याने उच्चारा.