वर्ण, रंग आणि आडनाव

‘रेसिझम’ला मराठीत आपण ‘वर्णद्वेष’ म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. वर्ण म्हणजे कातडीचा रंग, आणि चातुर्वर्ण्यातला तोही वर्णच. दोन्ही अर्थ एका शब्दात बसल्यामुळे वरची जात गोरी आणि खालची काळी हे समीकरण कोणाला सिद्ध करावेच लागत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली, त्यानंतर आपल्याकडेही विशेषाधिकारावर भरभरून लिहिले गेले. त्यातल्या पुष्कळांनी तिथला गोरेपणाचा फायदा जसाच्या तसा इथे आणून बसवला. मला ही मांडणी पटत नाही.

डॉ. आंबेडकरांनी ती केव्हाच मोडीत काढली होती. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशाचा फरक तो कोणता, हा प्रश्न १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आहे. ‘हू वेअर द शूद्राज?’ (१९४६) मध्ये त्यांनी वर्ण म्हणजे कातडीचा रंग हा अर्थच नाकारला. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तर त्यांनी घुर्ये यांनी मांडलेली नाकाची मोजमापे पुढे ठेवली. रिस्लेसारख्या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाच्या रुंदीवरून जातींची उतरंड लावली होती. बाबासाहेबांनी तीच फूटपट्टी उलटी धरली आणि ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्यच ठरतात, हे दाखवून दिले.

घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे. मुंबई विद्यापीठात चित्पावनांवर प्रबंध लिहून त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या आणि तिथे कवट्या मोजल्या. युरोपीय कवटीची असमानता ही श्रेष्ठत्वाची खूण निघावी, अशी फिशर यांची अपेक्षा. कर्वे यांच्या मोजणीत वंशावंशांत तसा फरक सापडला नाही, आणि त्यांनी तो प्रबंधात दाखवलाही नाही. (आजचे किती प्रबंधकार मार्गदर्शकाला असे दुखावतील?) अर्थात मायदेशी परतल्यावर त्यांनी इथल्या जातींची शरीरे मोजलीच, फूटपट्टी काही त्यांच्या हातून सुटली नाही.

शेजारच्या घाटकोपरचेच पाहा. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, १० माणसे मेली. ती माणसे आणि आसपासच्या सोसायट्यांतले रहिवासी यांची छायाचित्रे मिसळून ठेवली, तर निव्वळ रंगावरून ती कोणाला वेगळी करता येतील?

मग रंगाला काही किंमतच नाही का? आहे, पण ती वेगळ्या बाजारात. मुलुंडच्या रद्दीवाल्यांकडून मी गेली काही वर्षे रविवारच्या विवाहविषयक जाहिरातींची पाने जमवतो आहे. गोरी, निमगोरी, गव्हाळ, उजळ असा सगळा जिना त्यांत सापडतो. ‘सावळी’ क्वचितच. विठ्ठल सावळा चालतो, सून नाही. मात्र पान आधी जातींच्या, मग पोटजातींच्या चौकटींत विभागलेले असते आणि रंगाचा भाव त्या चौकटीच्या आत ठरतो. कऱ्हाड्यांच्या चौकटीतली सावळी मुलगी शेजारच्या चौकटीतल्या गोरीशी कधी तोललीच जात नाही. रंग हा इथे दोन जातींमधली भिंत नाही. भिंतीच्या आत बाईवर लावलेली ती चिठ्ठी आहे. मुलाच्या रंगाबद्दल बहुतेक जाहिराती काही बोलत नाहीत, त्याच्या पगाराबद्दल बोलतात.

या बाजाराचे एक मोठे दुकान आपल्याच उपनगरात आहे. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आणणाऱ्या कंपनीचे मुख्यालय आता अंधेरीत चकाल्याला आहे. २०२० च्या जुलैत त्या क्रीमचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले आणि वर्तमानपत्रांनी त्याला बदलत्या काळाची खूण मानले. त्याच सुमारास ‘शादी डॉट कॉम’ने टीकेनंतर त्वचेच्या रंगाची चाळणी काढून टाकली. जातीनुसार स्थळे शोधायची सोय तशीच राहिली.