‘बसवणे’ आणि बसवणारी : नृत्यकर्तृत्वाविषयी काही विचार

गेल्या वर्षी संग्रामपूर येथे एका संस्थेच्या स्नेहसंमेलनाची छापील कार्यक्रमपत्रिका माझ्या हाती आली. तीत एका लावणीनृत्यापुढे गीताचे नाव, चित्रपटाचे नाव, नाचणाऱ्या विद्यार्थिनींची नावे, इतकेच नव्हे तर ध्वनिक्षेपकाची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांचेही नाव होते. ते नृत्य कोणी बसविले, याचा मात्र कोठेही उल्लेख नव्हता. चौकशी करता समजले की, एका माजी विद्यार्थिनीने महिनाभर रोज सायंकाळी येऊन ते बसविले होते. तिचे नाव का नाही, असे विचारताच संयोजकांनी अगदी निरागसपणे उत्तर दिले, ‘‘तिनं फक्त बसवून दिलं, सर. नाचल्या तर या मुली.’’

या उत्तरातील ‘फक्त’ हा शब्द प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नृत्याची किंवा नाटकाची रचना करून ती कलावंतांकडून सिद्ध करून घेणे या क्रियेला मराठीत ‘बसवणे’ हे अस्सल क्रियापद आहे. ते ‘बसणे’ या धातूचे प्रयोजक रूप. येथील ‘बसणे’ म्हणजे आसनस्थ होणे नव्हे, तर आपल्या जागी पक्के होणे. घडी बसते, गाठ बसते, एखाद्या कामात हात बसतो, त्याच अर्थाने नाच बसतो. (आवाज बसला की गाणे बसत नाही, ही या धातूची एक गंमत.) आता या धातूचा वाक्यातील व्यवहार पाहावा. ‘अमकीने नाच बसविला’ हे वाक्य शुद्ध आहे. परंतु तालमीच्या जागी अधिक ऐकू येते ते ‘नाच छान बसला’ हे. या अकर्मक वाक्यात नाच हाच कर्ता होतो आणि बसवणारी व्यक्ती वाक्याबाहेर जाते. जणू नाच आपण होऊन बसला. प्रयोजकाला पाणिनीने ‘हेतु’ आणि ‘कर्ता’ अशा दोन्ही संज्ञा दिल्या आहेत. आपल्या नृत्यविषयक बोलण्यात त्यांपैकी एकही उरत नाही. शिवाय, काव्य करणारा तो कवी, पोवाडा रचणारा तो शाहीर, फड चालविणारा तो सरदार, अशी कर्तृवाचक नामे आपल्याकडे सिद्ध आहेत. पण नाच बसवणाऱ्याला नाम मिळाले नाही. ‘नृत्यदिग्दर्शक’ हा शब्द चित्रपटांच्या श्रेयनामावलीने आपल्या परिचयाचा केला. तो फडात कधी रुजला नाही.

हा मराठीचाच उणेपणा आहे, असे मानण्याची घाई करू नये. अमेरिकन नृत्याचा इतिहास आज आपण वाचतो तो व्यक्तिनामांची मालिका म्हणून : इझाडोरा डंकन, रूथ सेंट डेनिस, मार्था ग्रॅहॅम, डोरिस हम्फ्री, बालांशीन. परंतु न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरही प्रदीर्घ काळ ‘नृत्ये अमक्याने बसविली’ अशाच अर्थाची ओळ छापली जात असे. ‘कोरिऑग्राफर’ हा शब्द तेथील संगीतिकांच्या श्रेयनामावलीत आणण्याचा मान सामान्यतः १९३६ सालच्या ‘ऑन युअर टोज’ला आणि तिची नृत्ये रचणाऱ्या जॉर्ज बालांशीन यांना दिला जातो. म्हणजे तेथेही आधी क्रियापद होते, नाम मागून आले; आणि ते आपोआप आले नाही. लोई फुलर या अमेरिकन नर्तकीने आपल्या प्रसिद्ध ‘सर्पनृत्या’ची नक्कल थांबविण्यासाठी १८९२ मध्ये न्यायालयात दाद मागितली, तेव्हा या नृत्यात कथा नाही, सबब ते नाट्यकृती ठरत नाही, असे सांगून तिला संरक्षण नाकारण्यात आले. पुढे १९५२ मध्ये हान्या होम यांनी ‘किस मी, केट’मधील आपली नृत्ये लाबानच्या चिन्हलिपीत उतरवून त्यांची स्वामित्वनोंदणी केली. नृत्यरचना हा स्वतंत्र वर्ग म्हणून अमेरिकन कायद्यात आला तो १९७६ च्या अधिनियमाने. आपल्या १९५७ च्या स्वामित्व अधिनियमात नृत्यरचनेचा उल्लेख आहे. पण तो नाट्यकृतीच्या व्याख्येच्या पोटात, आणि ती रचना लेखनाने वा अन्य रीतीने निश्चित केलेली असावी या अटीवर. फडातील नाचाला ही अट कशी लागू पडावी?

त्या नाममालिकेतही सर्वांना सारखी जागा मिळाली नाही, हे विसरून चालणार नाही. कृष्णवर्णीय नर्तकांनी घडविलेले पदन्यास गोऱ्या रंगभूमीवर निनावीच वावरले. कॅथरिन डनहॅम यांनी १९३५-३६ मध्ये कॅरिबियन बेटांवर मानववंशशास्त्रीय क्षेत्रकार्य करून, त्या अभ्यासाच्या बळावर स्वतःची नृत्यपद्धती उभी केली आणि तिला आपले नाव दिले, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. आपल्या दृष्टीने अधिक बोचक गोष्ट आणखी वेगळी आहे. ‘नृत्य’, प्राकृत ‘णच्च’, त्यावरून ‘नाच’. हाच शब्द हिंदुस्थानी बोलीतून इंग्रजीत ‘नॉच’ होऊन गेला आणि रूथ सेंट डेनिस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या नावाची नृत्ये अमेरिकेत सादर केली. १९२५-२६ च्या आशियाई दौऱ्यात त्या आणि टेड शॉन हिंदुस्थानातही येऊन गेले. तेथे ‘नॉच’ला नाव मिळाले ते सेंट डेनिस यांचे. येथे ज्यांच्या अंगात तो नाच होता, त्यांना त्याच सुमारास ‘नाची’ आणि ‘कलावंतीण’ या शब्दांचा सामाजिक अर्थ झेलावा लागत होता.

आता लावणीकडे वळू. लावणीचा अभ्यास मराठीत उपेक्षित आहे असे म्हणता येणार नाही. म. वा. धोंडांची ‘मऱ्हाटी लावणी’ आणि गंगाधर मोरजे यांचे ‘मराठी लावणी वाङ्मय’ हे ग्रंथ कोणाही अभ्यासकाला टाळता येत नाहीत. मात्र लावणी ही प्राधान्याने वाङ्मय म्हणून अभ्यासण्याची जी परंपरा आपल्या विद्यापीठांत स्थिरावली, तिचा एक परिणाम झाला. लावणीचा कर्ता म्हणजे तिच्या शेवटच्या कडव्यात ज्याची छाप आहे तो कवी, हे समीकरण पक्के झाले. वस्तुतः परंपरेतच याला एक सुंदर अपवाद आहे. होनाजी शिलारखाने लावण्या रचीत आणि बाळा कारंजकर त्या गात. छाप पडली ती ‘होनाजी बाळा’ अशी. रचणारा आणि सादर करणारा यांना एकाच नामात बसविणारी ही छाप पुढे कोणी अनुकरणीय मानली नाही. पठ्ठे बापूराव आणि पवळा हिवरगावकर यांची जोडी महाराष्ट्रभर गाजली. परंतु बापूरावांच्या लावण्यांचे संग्रह निघाले आणि पवळाचे उरले ते नाव. बापूरावांच्या शब्दावर तिचा हात कसा उठला, कोणत्या अक्षरावर पाऊल पडले, यांतले किती तिचे आणि किती त्यांचे, हा प्रश्न वाङ्मयाच्या इतिहासात विचारलाच जात नाही.

येथे नावांच्या घडणीकडेही लक्ष वेधावेसे वाटते. हिवरगावकर, कोपरगावकर, पंढरपूरकर, वाईकर, नारायणगावकर : तमाशा आणि संगीतबारीतील स्त्रियांची आडनावे बहुधा ‘-कर’ प्रत्ययाने गावाशी बांधलेली आहेत. अमेरिकेत ‘ग्रॅहॅम पद्धती’ म्हणतात. तेथे व्यक्तीचे नाव तंत्राला मिळते. आपल्याकडे गावाचे नाव व्यक्तीला मिळते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (निधन २००२) या नावात वडील आहेत, जात आहे, गाव आहे. एवढ्या लांब नावात तिच्या कलेचा निर्देश कोठेही नाही. आणि विठाबाईंविषयी महाराष्ट्राला ठाऊक असलेली गोष्ट कोणती? प्रयोग चालू असता प्रसूती झाली आणि त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, ही. ती ऐकून अंगावर काटा येतो, याबद्दल वाद नाही. पण हीच एक गोष्ट वारंवार सांगून आपण त्यांच्या सोसण्याला कलेच्या जागी बसविले आहे. त्या कशा नाचत, ढोलकीशी त्यांचा संवाद कसा चाले, आधीच्या पिढीकडून त्यांनी काय घेतले आणि काय टाकले, याचे चार परिच्छेदांचे नेमके वर्णन शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. न्यूयॉर्कच्या दैनिकात जॉन मार्टिन यांनी १९२७ पासून नृत्यसमीक्षा लिहिण्यास प्रारंभ केला. ग्रॅहॅम यांचे आकुंचन आणि विमोचन, हम्फ्री यांचे पतन आणि सावरणे, या कल्पना सुशिक्षित वाचकापर्यंत पोचण्यात अशा लेखनाचा वाटा मोठा होता. विठाबाईंना असा समीक्षक लाभला नाही, हा दोष फडाचा नव्हे, तो आपला.

इझाडोरा डंकन मराठीत आली ती रोहिणी भाटे यांच्या अनुवादामुळे. ‘मी इझाडोरा’ हे त्या आत्मचरित्राचे मराठी रूप. अनुवाद करणारी व्यक्ती स्वतः कथकची थोर नर्तकी आणि रचनाकार असावी, पुण्यात १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ स्थापन करणारी असावी, हा योग विरळा. तरीही पदव्युत्तर वर्गात मी जेव्हा जेव्हा या पुस्तकाविषयी विचारले, तेव्हा इझाडोराची प्रेमप्रकरणे, मुलांचा बुडून झालेला मृत्यू आणि गळ्यातील वस्त्र मोटारीच्या चाकात अडकून झालेला तिचा अंत, इतकेच विद्यार्थ्यांच्या स्मरणात राहिलेले आढळले. इझाडोराची आणि विठाबाईंची वाचकांनी केलेली वासलात सारखीच आहे.

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो मला खरा वाटतो. ‘नृत्यरचनाकार’ ही संज्ञा आधी रचना, मग सादरीकरण असा क्रम गृहीत धरते. बैठकीच्या लावणीत असा क्रमच नाही. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांच्यासारखी कलावती बसल्या जागी एकच ओळ पुनःपुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी मान, नजर, हात यांनी तिचा वेगळा अर्थ दाखविते. ही अदा कोणी ‘बसविलेली’ नसते. ती त्या क्षणी, समोरच्या श्रोत्याकडे पाहून केलेली असते. मग येथे रचनाकार शोधणे चूक ठरते का? माझ्या मते, चूक ठरते ती संज्ञा, शोध नव्हे. ख्यालातील आलाप पूर्वरचित नसतो, तरीही तो गायकाचा आहे याबद्दल आपण शंका घेत नाही. तेच माप अदाकारीला लावण्यास काय हरकत आहे? उलट, या तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या कोरकू वस्त्यांत समूहाने जो फेर धरला जातो, त्यामागे एखादे नाव हुडकण्याचा अट्टाहास करू नये. तेथे समूह हाच कर्ता आहे. फडातील कलावतीचे तसे नाही. तिला तिकीट काढून, नाव ऐकून लोक पाहावयास येत. नाव होते, श्रेय नव्हते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण तंजावरचे. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या दरबारातील नृत्योपयोगी मराठी निरूपणे हस्तलिखितांत टिकली. ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या शीर्षकात ‘जिन्नस’ हा फारसीतून आलेला बाजारी शब्द नृत्यप्रकारासाठी किती सहज आला आहे, हे भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे. शब्द टिकले, राग-ताल टिकले, अंगविक्षेप मात्र टिकले नाहीत. मालवणहून आलेले आचार्य पार्वतीकुमार यांनी या संहितांवर अनेक वर्षे परिश्रम करून त्यांना भरतनाट्यमचे शरीर दिले, आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रचना रंगमंचावर नेल्या. या प्रयोगांविषयी बोलताना ‘सरफोजींची रचना’ असे आपण सर्रास म्हणतो. संहिता सरफोजींची, हे मान्य. पण प्रेक्षक डोळ्यांनी पाहतो ते पार्वतीकुमारांचे असते. तमिळ परंपरेत ‘नट्टुवनार’ हे नाम तरी आहे. आपण मराठी राजाचे नाव घेतो आणि मराठी रचनाकाराचे विसरतो.

‘नृत्यदिग्दर्शक’ हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण तो केवळ दिशा दाखविणाऱ्याचा निर्देश करतो. ‘नृत्यरचनाकार’ बराच बरा. पण फडात आणि गावोगावच्या स्नेहसंमेलनांत चालणारा शब्द हवा असेल, तर ‘बसवणारी’ हेच कृदंत सरळ नाम म्हणून छापावे. भाषेला ते परके नाही. ‘गाणारी’, ‘शिवणारी’ ही रूपे आपण नामासारखी वापरतोच. लावणीवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी अलीकडे एक अट घालतो : प्रत्येक लावणीच्या नोंदीत कवी आणि चाल यांबरोबर ‘अदा कोणाकडून आली’ असा एक रकाना ठेवावा आणि तो भरण्यासाठी हयात वृद्ध कलावतींना प्रत्यक्ष भेटावे. त्यातील बरेच रकाने रिकामे परत येतात. जे भरून येतात, त्यांत बहुतेक वेळा आईचे नाव असते, मावशीचे असते, किंवा ‘आमच्या बारीतली एक म्हातारी’ एवढेच असते.