सोळा शब्दांचे व्याकरण

भाषेचे उद्दिष्ट संप्रेषण होय, असे बी.एड.च्या वर्षी पाठटाचणाच्या वहीत आम्ही किती वेळा लिहिले असेल, त्याची मोजदाद नाही. ते खोटे नाही. पण अर्धे आहे. राजकारणातली भाषा पुष्कळदा नेमके उलटे काम करते आणि तेही व्याकरणाचा एकही नियम न मोडता. पुढाऱ्याचे सरळ खोटे पकडता येते. अवघड असते ते असे वाक्य, ज्यातला शब्द न् शब्द वकिलाला दाखवून घेतल्यासारखा असतो. कथा-कवितेची भाषा आपण बारकाईने तपासतो, मग भाषण हाही एक साहित्यप्रकार मानून का वाचू नये?

२८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी आपल्या वार्षिक भाषणात सोळा इंग्रजी शब्दांचे एक वाक्य उच्चारले. आशय असा : सद्दाम हुसेन यांनी अलीकडे आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याचे ब्रिटिश सरकारला कळले आहे. आता कर्ता पाहा. बुश स्वतः काहीच म्हणत नाहीत. कळले आहे ते ब्रिटिशांना. खरे ठरले तर अध्यक्ष दूरदर्शी, खोटे ठरले तर चूक लंडनची. आणि क्रियापद? 'वाटते' नाही, 'म्हणणे आहे' नाही, तर 'कळले आहे'. 'सलमाला कळले की पाऊस पडला' असे आपण म्हणतो तेव्हा पाऊस पडलेलाच असतो. 'सलमाला वाटले' म्हटले की पडला असेल, नसेलही. उर्दूत 'मालूम हुआ' आणि 'ख़याल है' यांत हाच फरक. नववीच्या वर्गात फळ्यावर ही दोन वाक्ये लिहिली की मुले क्षणात ओळखतात. अमेरिकन काँग्रेसच्या सभागृहात मात्र त्या रात्री टाळ्यांना तोटा नव्हता.

७ मार्च २००३ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितले की, नायजरकडून युरेनियम घेण्याच्या व्यवहाराची कागदपत्रे अस्सल नाहीत. दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झाले. ते वाक्य भाषणात यायलाच नको होते, अशी कबुली सी.आय.ए.चे प्रमुख जॉर्ज टेनेट यांनी दिली, पण जुलैमध्ये. तोवर बगदाद पडून तीन महिने झाले होते. ब्रिटिश सरकारने आपले विधान मागे घेतलेच नाही.

लंडनची तऱ्हा निराळी होती. सप्टेंबर २००२ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारने जी पुस्तिका काढली तिच्यात, इराक आदेशानंतर ४५ मिनिटांत रासायनिक किंवा जैविक अस्त्रे सज्ज करू शकतो, असे होते. कोणती अस्त्रे, हे लिहिलेले नव्हते. वृत्तपत्रांनी दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रे समजून मोठमोठे मथळे दिले. माहिती होती ती रणांगणावरच्या छोट्या पल्ल्याच्या शस्त्रांची, आणि संरक्षणमंत्री जेफ हून यांना ते ठाऊक होते. त्यांनी खुलासा केला नाही. इथे कोणी खोटे बोलले असे सिद्ध करणे कठीण. मौन हाही वक्तृत्वाचा अलंकार आहे, फक्त अलंकारशास्त्राच्या पुस्तकात तो सापडत नाही.

आपल्या संसदेनेही त्या एप्रिलमध्ये या युद्धावर ठराव केला. सरकारला सौम्य शब्द हवा होता, विरोधकांना कडक. तोड निघाली ती भाषांतून : हिंदीत 'निंदा', इंग्रजीत मात्र केवळ खेद व्यक्त करणारा मवाळ शब्द. मतदारांनी हिंदी वाचावी, वॉशिंग्टनने इंग्रजी! भाषा शिकवणाऱ्या माणसाला या युक्तीचे कौतुक वाटावे की वाईट, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

इथवर आमचे वाचक माना डोलावतील. बुश आणि ब्लेअर यांचे माप काढणे आपल्याला जड जात नाही. पण त्या साली आम्ही सहावीत होतो आणि आमच्या मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर सद्दामचे चित्र होते. चौकातल्या सभेत एका वक्त्याने त्याला आजचा सलाहुद्दीन म्हटले. टाळ्या आम्हीही वाजवल्या. ही उपमा सद्दामचीच आवडती. दोघांचा मुलूख तिक्रीत, एवढ्यावर ती उभी होती. पण सलाहुद्दीन कुर्द होता! आणि १६ मार्च १९८८ रोजी हलबजा या कुर्द गावावर सद्दामच्या विमानांनी विषारी वायू टाकला, त्यात सुमारे ५,००० माणसे मेली. बहुतेक मुसलमानच. तेव्हा सद्दामशी सलोखा असलेल्या अमेरिकेने इराणकडेही बोट दाखवले. पुढे युद्ध हवे झाले तेव्हा तोच वायू भाषणांत आला. सद्दामने जानेवारी १९९१ मध्ये, युद्ध तोंडावर असताना, आयुष्यभर बाथ पक्षाचे धर्मातीत राजकारण करून झाल्यावर, झेंड्यावर 'अल्लाहु अकबर' लिहवून घेतले. चौकातल्या वक्त्याला झेंडा पाठ होता. हलबजाचे नाव त्याने घेतले नाही. हून यांच्यासारखाच तोही गप्प राहिला.

आम्ही हलबजाविषयी पहिल्यांदा वाचले ते डी.एड. की बी.एड. करताना, एका जुन्या मासिकात. वाचून राग आला तो सद्दामचा कमी आणि आपण वाजवलेल्या टाळ्यांचा जास्त.

आमच्या वर्गात सद्दाम नावाचे दोघे होते, दोघेही १९९१ च्या युद्धानंतर जन्मलेले. त्यांतला एक आता गॅरेज चालवतो. पाटीवर त्याने नुसते 'एस. हुसेन' लिहिले आहे. एकदा गाडीचे काम होईपर्यंत बसलो असताना त्याला आम्ही हलबजाची हकीकत सांगितली. त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "अब्बा को किसीने बोलाच नहीं होंगा."