शेंदराखालचा इतिहास

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हा इंग्रजी निबंधसंग्रह १९६२ साली प्रसिद्ध झाला. गीतेपासून गोव्याच्या गावकरीपर्यंत पसरलेले पाचच निबंध. पण आपल्या मुलखाकडे पाहण्याची रीत बदलून टाकणारे. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा गणिती इतिहास शोधायला पोथ्यांबरोबर काठी घेऊन निघाला. पुण्याभोवतीच्या खिंडी, तिठे, ओसाड माळ आणि तिथली शेंदूर फासलेली ठाणी ही त्याची कागदपत्रे.

अनेक जुनी ठाणी गावठाणापासून दूर का, हा त्यांचा साधा प्रश्न. अशा ठाण्यांच्या वाटांवर त्यांना अश्मयुगीन बारीक हत्यारे सापडली. त्यावरून ते म्हणतात, नांगर येण्यापूर्वी गुरे-मेंढरे घेऊन फिरणाऱ्यांच्या या वाटा. वाटा भेटत तिथे देवी बसली. पुढे नांगराची शेती आली आणि जमिनीबरोबर देवांचीही वाटणी झाली. म्हसोबा एके ठिकाणी देवीच्या पायाखालचा महिषासुर, तर पुरंदर तालुक्यातील वीर येथे जोगूबाईचा नवरा. जिथे दोन समाजांचे वैर, तिथे वध. जिथे मिलाफ, तिथे लग्न. जुन्नरच्या मानमोडीचे नाव त्यांनी तिथल्याच लेण्यातील शिलालेखाशी जोडले. भिक्षू गेले, देणगी देणारे श्रेष्ठी गेले, देवीचे नाव राहिले.

येथपर्यंत कोसंबींशी वाद घालणे कठीण. खटकते ते एवढेच, की या साऱ्याकडे ते बहुधा ‘अवशेष’ म्हणून पाहतात. अवशेष म्हणजे विसरून मागे राहिलेली वस्तू. पण ओबडधोबड तांदळ्याला दरवर्षी शेंदूर आपोआप लागत नाही. पुराणातली देवी देवळात विराजमान झाल्यावरही कुणीतरी माळावरच्या दगडाकडे जात राहते, त्याचे जुने नाव सोडत नाही. ही सवय खरी, पण तो एक मुका नकारही आहे. सत्तेपुढे मान तुकवताना माणूस जे हातचे राखून ठेवतो, त्याची नोंद या दगडांत आहे.

अर्थात प्रत्येक शेंदरी दगडाला बंडखोर ठरवणे हा भाबडेपणा होईल. गोव्याकडे पाहिले की हे पटते. १५६० च्या सुमारास पोर्तुगीज छळामुळे कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाबाहेर होता. रातोरात नदी ओलांडणाऱ्या देवांची ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान रास्त आहे. पण देवाबरोबर मूळ गावचे मानपान आणि महाजनकीचे हक्कही नदीपार आले. ज्यांना गाव सोडता आला नाही, जे त्याच खाजणात राबत राहिले, ते या कथेत कुठे आहेत? परक्या सत्तेला विरोध करणारे देऊळ आपल्या आतली उतरंड जपूनच उभे राहिले. गोव्यावरील निबंधात कोसंबींचा सारा भर जमिनीच्या वाट्यांवर आहे, तो यासाठीच मोलाचा. गावकर कोण आणि नुसता राबणारा कोण, हे कळल्याशिवाय देवळाचा अर्थ लागत नाही. आणि मुळात ती शांतादुर्गाही वारुळातल्या सांतेरीशी नाते सांगते, हे गोव्यात कुणाला सांगावे लागत नाही.

कोसंबींचे काही निष्कर्ष घाईचे वाटतात. नावांच्या साम्यावर ते कधीकधी फार भार टाकतात. तरी त्यांची रीत टिकली आहे. आपल्या दुभाषी भागात तर तिची गरज अधिक. ‘वीरगळ’ शब्दातला ‘गळ’ म्हणजे कन्नडमधला ‘कल्लु’, दगड. असा दगड सापडला की आपण आधी विचारतो, मराठी की कन्नड? कोसंबी वाचलेला माणूस विचारील: इथे मेला तो कुणाची गुरे राखताना, आणि ही जमीन पुढे कुणाच्या नावावर चढली?