क्लाउड संगणनातील दोन विशेषणे
अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने २०११ साली क्लाउड संगणनाची व्याख्या प्रसिद्ध केली. तीत खाजगी, सामुदायिक, सार्वजनिक व मिश्र असे चार प्रकार येतात. या विभागणीचा निकष वापर हा आहे, मालकी नव्हे. विशेषणे मात्र मालकीचा भास उत्पन्न करतात. ‘सार्वजनिक’ या शब्दाने मराठी वाचकास सार्वजनिक सभा वा वाचनालय आठवावे, हे स्वाभाविकच; पण येथे यंत्रांचा धनी एखादा व्यापारीही असू शकतो. ‘खाजगी’ म्हणजे केवळ एकाच संस्थेच्या वापरासाठी राखलेले. यंत्रे परक्याची, परस्थळीही असू शकतात! बोलीभाषांची ध्वनिमुद्रणे जतन करणाऱ्या विभागाने त्या शब्दावर विसंबणे धोक्याचे होय. निवेदकांनी विश्वासाने सांगितलेले कोणाच्या हाती राहील, हे करारातूनच निश्चित होते. अनेक विद्यापीठांनी मिळून चालवावयाचा सामुदायिक प्रकार अधिक विचारार्ह वाटतो.