सुवर्णदुर्गाचा वेढा व मोर्च्याची जागा

इ. स. १७५५ च्या एप्रिलांत सुवर्णदुर्ग आंग्र्यांच्या हातून गेला. दर्यावरून कमोडोर जेम्स व खुष्कीवरून रामाजी महादेव यांच्या हाताखालील पेशव्यांची फौज, असा हा दुहेरी वेढा होता. त्याचें जें वर्णन वारंवार उतरून घेतलें जातें त्याचें मूळ रॉबर्ट ऑर्म याच्या १७६३ सालीं निघालेल्या ग्रंथांत आहे. ऑर्म सांगतो कीं, मराठ्यांनीं किनाऱ्यावरील किल्ल्यांवर एकच चार पौंडी तोफ दोन मैलांहून अधिक अंतरावरून डागली, आणि एवढ्या लांब असूनही त्यांचे शिपाई हनुवटीपर्यंत खड्ड्यांत दडून राहिले.

हें विधान आम्हांस जसेंच्या तसें पटत नाहीं. ऑर्म त्या वेळीं मद्रासेस होता. हर्णै त्यानें पाहिलें नव्हतें, ऐकीव हकीकतीवर तो लिहीत होता. शिवाय चार पौंडी गोळा दोन मैलांवरून तटास लागणें अशक्यप्राय आहे. मग रामाजीपंतांची तोफ पुढें होती, कीं मागील छावणीचें अंतर मोर्च्यास चिकटविलें गेलें? खड्डे खणून बसणें हें तर भ्याडपणाचें लक्षण नव्हे. वेढ्यांत सर्वच फौजा तेंच करितात.

या प्रश्नाचा निकाल पेशवे दफ्तरांतील पत्रें व हर्णैची जमीन यांनींच लागेल. फत्तेगडावर आज कोळ्यांची वस्ती आहे. पण गोवा किल्ल्याच्या भोंवतालच्या जमिनींत अद्याप कांहीं शिल्लक असणें संभवनीय आहे. आणि येथेंच धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या हौशी मंडळींशीं आमचा वाद आहे. चार पौंडी लोखंडी गोळ्याचा व्यास सुमारें तीन इंच. इंग्रजी जहाजांच्या मोठ्या तोफांचे गोळे त्याहून पुष्कळ जड. पण जेम्सनें गोव्यावरही समुद्रांतून मारा केला होता. तेव्हां गोळा कोठें, किती खोल व तटाच्या कोणत्या अंगास सांपडला हें टिपलेलें नसेल, तर संग्राहकाच्या कपाटांत तो निव्वळ लोखंड होय.

यंत्र स्वतः दोषी नाहीं; मात्र लोहयुक्त जांभ्याच्या जमिनींत तें खोटाच आवाज फार करितें. अमेरिकेंत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४ सालीं हींच यंत्रें स्वयंसेवकांच्या हातीं दिलीं होतीं, पण प्रत्येक काडतुसाची जागा आधीं नकाशावर मांडली आणि मगच तें उचललें. त्यावरून सैनिकांच्या हालचाली उलगडल्या. आपल्याकडे संरक्षित स्थळीं परवानगीवांचून खणण्यास १९५८ च्या कायद्यानें मनाई आहे. आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचें निखात धन सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळविणें १८७८ पासून बंधनकारक आहे. जुलै २०२५ मध्यें सुवर्णदुर्ग जागतिक वारशाच्या यादींत आला, त्यामुळें हर्णैस येणारांची वर्दळ वाढेल. त्यांत यंत्रवाले नसतील असें कोण म्हणेल?

गोव्याच्या तटापासून हजार यार्डांच्या आंत मोर्च्याची खूण निघाली, तर ऑर्मचें विधान टाकावें लागेल. ती खरोखर दोन मैलांवर निघाली, तर तेंही मान्य करण्यास आम्ही तयार आहों.