प्रस्तावाची संहिता

मराठी समीक्षेने ज्यांची कधी दखल घेतली नाही अशा गद्यप्रकारांची यादी करावयाची झाल्यास तीत संशोधन-अनुदानासाठी केलेल्या अर्जाचा समावेश अग्रक्रमाने करावा लागेल. विद्यापीठांच्या मराठी विभागांत आणि संलग्न महाविद्यालयांत गेल्या काही दशकांत हे गद्य विपुल लिहिले गेले. ते प्रसिद्ध होत नाही; दोन-तीन तज्ज्ञांपलीकडे त्याला वाचक नसतो; मंजुरी मिळो वा न मिळो, निर्णयानंतर त्याचे आयुष्य संपते, असे आपण धरून चालतो. हे धरून चालणे बरोबर नाही. प्रस्ताव प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात उतरतो, तेथून ग्रंथाच्या प्रस्तावनेत, आणि अखेर समीक्षेच्या भाषेत. म्हणून त्याची संहिता एकदा काळजीपूर्वक वाचणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात हे वाचन कोल्हापूरच्या संदर्भात केले आहे. कारण अर्जाच्या नमुन्याआधीचा विद्याव्यवहार आणि त्यानंतरचा विद्याव्यवहार हे दोन्ही या एका गावात शेजारी ठेवून पाहता येतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्पांच्या योजना बाराव्या पंचवार्षिक योजनेपर्यंत (२०१२–१७) चालू होत्या. आज त्या त्या स्वरूपात नाहीत; परंतु त्यांनी घालून दिलेला रकान्यांचा साचा पुढील बहुतेक योजनांनी थोड्याफार फरकाने चालवला. विषयाचे शीर्षक, समस्येचा उगम, आंतरविद्याशाखीय संबंध, पूर्वसंशोधनाचा आढावा, अभ्यासाचे महत्त्व, उद्दिष्टे, पद्धती, वर्षवार कामाचा आराखडा, आणि शेवटी खर्चाचा तपशील, असा हा क्रम. आढाव्याचे पुन्हा दोन भाग: विषयाची आंतरराष्ट्रीय स्थिती आणि राष्ट्रीय स्थिती. ज्याने हा साचा आखला त्याच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा होती, हे उघड आहे. गडहिंग्लज-चंदगड भागातील बोलीवर काम करू इच्छिणाऱ्या अध्यापकाने ‘आंतरराष्ट्रीय स्थिती’ या शीर्षकाखाली काय लिहावे? ‘या विषयावर परदेशात संशोधन झालेले नाही’ असे लिहिले तर ते खरे असते, पण केविलवाणे दिसते. मग बोलीविज्ञानाच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातील चार नावे तेथे येऊन बसतात. पुढे प्रबंधातही ती तशीच राहतात. त्यांचा चंदगडच्या बोलीशी कोठेही संबंध येत नाही. आपल्या अनेक समीक्षाग्रंथांच्या प्रारंभी पाश्चात्त्य सिद्धान्तांचा जो एक अलिप्त, वेगळा काढून ठेवता येईल असा थर आढळतो, त्याचे मूळ केवळ बौद्धिक परावलंबनात शोधून भागणार नाही. एका रकान्याची भरती करण्याची सवयही त्यामागे आहे.

गृहीतकाचा रकाना याहून अधिक बोलका आहे. निसर्गविज्ञानात गृहीतक खोटे ठरू शकते, हेच त्याचे सामर्थ्य. साहित्याच्या प्रस्तावांत मात्र ‘ग्रामीण कादंबरीत बदलत्या खेड्याचे चित्रण आढळते’, ‘दलित आत्मकथनांतून सामाजिक विषमतेचे दर्शन घडते’ अशी विधाने गृहीतक म्हणून येतात. ती खोटी ठरण्याची कोणतीही शक्यता नसते. ती ठरू नयेत म्हणूनच तशी रचलेली असतात. संशोधनाअंती ‘गृहीतक सिद्ध झाले’ असे लिहिता येते आणि उपयोगिता-प्रमाणपत्राबरोबर निष्कर्षही वेळेवर सादर होतो. ‘एक अभ्यास’, ‘एक चिकित्सक अभ्यास’, ‘एक शोध’ या शीर्षकांच्या शेपटांची आपण थट्टा करतो. ती थट्टा वरवरची आहे. शीर्षकात प्रश्न नसणे हा योगायोग नव्हे. प्रश्न विचारणाऱ्या शीर्षकाला उत्तर काय येईल याची हमी देता येत नाही, आणि प्रस्ताव ही मुळात हमीची संहिता आहे. तिचा काळ भविष्यकाळ असतो: अभ्यासले जाईल, शोधले जाईल, स्पष्ट होईल. तिचा निवेदक प्रथमपुरुष टाळतो. तिचा अभिप्रेत वाचक विषय न जाणणारा पण नियम जाणणारा असतो. अशा प्रस्तावांच्या छाननीस बसण्याचे प्रसंग लेखकाला आले आहेत. तेथे चर्चा बहुधा शेवटच्या पानापासून, म्हणजे खर्चाच्या तक्त्यापासून सुरू होते.

आता दुसरी बाजू. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये (१९०६–१९७५) हे चिकोडी तालुक्यातील सदलग्याचे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी १९३० पासून तीन दशके अर्धमागधी शिकवली. पुढे शिवाजी विद्यापीठात कला विद्याशाखेचे अधिष्ठाते झाले आणि आयुष्याच्या अखेरीस म्हैसूरला जैनविद्येचे प्राध्यापक. ‘प्रवचनसार’ (१९३५), ‘परमात्मप्रकाश’ (१९३७), ‘बृहत्कथाकोश’ (१९४३) अशा एकामागून एक संपादित आवृत्त्या त्यांनी सिद्ध केल्या. मराठीच्या अभ्यासकाला त्यांचे नाव आठवते ते ‘कुवलयमाला’मुळे. उद्द्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण केलेली ही प्राकृत धर्मकथा. तिच्यात निरनिराळ्या देशांच्या व्यापाऱ्यांचे वर्णन त्यांच्या त्यांच्या बोलीतील शब्दांसह येते आणि त्यांत मरहट्टेही आहेत. तो परिच्छेद उपाध्यांच्या आवृत्तीपूर्वीच चर्चेत आला होता. परंतु ज्या संहितेत तो आहे ती संपूर्ण संहिता, पुण्यातील कागदी हस्तलिखित आणि जेसलमेरचे ताडपत्र यांच्या आधारे, विश्वसनीय स्वरूपात हाती आली ती १९५९ साली. प्रस्तावना, टीपा इत्यादींचा दुसरा भाग यावयाला १९७० उजाडले.

दोन भागांत अकरा वर्षांचे अंतर. आजच्या वर्षवार आराखड्यात हे काम कोठे बसवावे? पहिल्या वर्षी हस्तलिखिते मिळवणे, दुसऱ्या वर्षी पाठनिश्चिती, तिसऱ्या वर्षी अहवाल, असे लिहिता येईल. पण ते असत्य असेल. आणि मराठीच्या इतिहासाला या कामाचा जो उपयोग झाला तो ‘अभ्यासाचे महत्त्व’ या रकान्यात संपादकाने प्रारंभी लिहिला असता तर त्याचा विषयच बदलला असता. धर्मकथेचे संपादन हे धर्मकथेचे संपादन म्हणून केले गेले, म्हणूनच तीत इतर अनेकांना आपापले सापडले. संशोधनात जे सापडते ते पुष्कळदा दुसऱ्याच्या कामाचे असते, ही गोष्ट कोणत्याही अर्जात नमूद करता येत नाही.

येथे एक मोह आवरला पाहिजे. उपाध्ये हे अनुदानाविना, केवळ तपश्चर्येने काम करणारे विद्वान होते असे चित्र रंगवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. मुंबई विद्यापीठाची स्प्रिंगर संशोधन-शिष्यवृत्ती त्यांना लाभली होती. ‘कुवलयमाला’ ज्या सिंघी जैन ग्रंथमालेत निघाली तिच्यामागे कलकत्त्याचे बहादुरसिंहजी सिंघी यांचे द्रव्य आणि मुनी जिनविजयजींची दृष्टी होती. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. तिच्या प्रारंभी औंधच्या पंतप्रतिनिधींची देणगी आहे. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशासाठी तर चक्क मर्यादित कंपनी काढून भाग विकले. पैसा सर्वांनाच लागला. फरक पैसा मागण्याच्या पद्धतीत आहे. धनिकाला किंवा संस्थानिकाला माणूस पटावा लागे. समितीला नमुना पटावा लागतो. माणूस पटवण्याच्या व्यवस्थेत आधी त्या माणसापर्यंत पोहोचावे लागते, आणि कोण पोहोचू शकत होते हे जात, घराणे व ओळखीपाळखी यांनी ठरत असे. कोल्हापुरात हे विसरणे शक्य नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक विद्यार्थी वसतिगृहे उभी केली, त्या गावाला आश्रय आणि हक्क यांतील अंतर सांगावे लागत नाही. नमुना रुक्ष असतो, पण तो अर्जदाराचे आडनाव पाहून वेगळा छापला जात नाही. पहिल्या पिढीतील संशोधकाला त्याचा आधार वाटतो तो याच कारणाने, आणि नमुन्याची केवळ टवाळी करणाऱ्या समीक्षकाने हे आधी मान्य केले पाहिजे.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहाससंशोधक. ‘ताराबाईकालीन कागदपत्रां’चे खंड त्यांनी संपादित केले आणि विद्यापीठाने ते प्रसिद्ध केले. विद्यापीठ स्वतःच संशोधनाचे आश्रयदाते होते, असा तो अल्पसा काळ. त्यानंतर संशोधनाचा पैसा हळूहळू बाहेरून, योजनांतून, स्पर्धेतून येऊ लागला आणि विद्यापीठाकडे हिशेब तपासून पुढे पाठवण्याचे काम उरले.

या पार्श्वभूमीवर अलीकडची एक घटना वाचण्यासारखी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, विधान परिषदेत, कोल्हापूरचे आमदार सतेज पाटील यांनी ‘सारथी’ संस्थेच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्तींची संख्या मर्यादित केल्याबद्दल प्रश्न उपस्थित केला. शाहू महाराजांच्या नावाच्या या संस्थेचे कोल्हापुरात २०२१ पासून उपकेंद्र आहे. तेव्हा प्रश्न कोल्हापुरातून यावा हे स्वाभाविक. त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी उत्तरादाखल पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार, असे विचारले. गदारोळ झाला; पुढे त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. वाक्प्रचार उपरोधाचा होता यात शंका नाही. परंतु तो वृत्तपत्रीय संतापात विरून जाऊ देणे समीक्षेच्या दृष्टीने नुकसानीचे आहे. कारण ‘अभ्यासाचे महत्त्व’ हा रकाना हाच प्रश्न सभ्य भाषेत विचारत असतो, आणि आपण त्याला वर्षानुवर्षे ‘हे संशोधन समाजाला दिशादर्शक ठरेल’ असे उत्तर देत आलो आहोत. पोकळ उत्तरांची ज्याला सवय लागली आहे तो एक दिवस प्रश्न पोकळ स्वरात विचारणारच. एखाद्या संशोधिकेने त्या रकान्यात ‘अमुक साप्ताहिकाचे अंक तीन ठिकाणी विखुरलेले आहेत, त्यांची एकत्र सूची नाही, सूची झाली की त्या दशकातील कोल्हापुरी कथेविषयीची चार विधाने तपासता येतील’ एवढेच लिहिले असते, तर तिला दिव्यांची भाषा बोलावी लागली नसती. छोटा, मोजता येणारा, न पटल्यास खोडून काढता येणारा लाभ सांगणे हे या गद्यप्रकारातले सर्वांत अवघड काम आहे, आणि आपण ते शिकवत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने अनुदान शोधावे तरी कोठे? पूर्वसूरींपेक्षा आज दारे संख्येने अधिक आहेत, पण प्रत्येक दारावर वेष बदलावा लागतो. १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद समाजशास्त्रीय प्रश्नांना पैसा देते. तेथे कादंबरी ही ‘सामग्री’ होते. २०२३ च्या कायद्याने निर्माण झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या कक्षेत मानव्यविद्या आहेत, मात्र विज्ञान-तंत्रज्ञानाशी जेथे त्यांची सीमा भिडते तेवढ्यापुरत्या. कायद्याची ही शब्दयोजना मराठी विभागांनी पुन्हा पुन्हा वाचावी: आपल्याला घरात नव्हे, उंबऱ्यावर जागा दिलेली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर प्राचीन मराठी व प्राकृत यांच्या अभ्यासासाठी निधीची अपेक्षा व्यक्त होऊ लागली आहे. अपेक्षा रास्त आहे. मात्र अर्धमागधी शिकवणारे वर्ग रोडावत गेल्यावर त्या निधीसाठी अर्ज कोण लिहिणार, हा प्रश्न मागे राहतोच. व्यक्तीला मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीची स्थिती त्यामानाने बरी आहे. आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. पण ती संशोधकाच्या निर्वाहासाठी आहे. संहितेच्या, सूचीच्या, ध्वनिमुद्रणाच्या निर्वाहासाठी नाही. आपल्याकडे संशोधक वाढले आणि संशोधन-साधने तेथेच राहिली, याचे एक कारण या वाटपात आहे.

साधनांचे म्हणायचे तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे मोडी दप्तर आहे. संस्थानकालीन शिक्षण, ग्रंथाश्रय, नाटकमंडळ्या, कीर्तनकार यांच्याविषयी साहित्याच्या इतिहासकाराने काही नवे विधान करावयाचे तर त्याला त्या रुमालांकडे वळावे लागेल. मराठीच्या बहुसंख्य प्राध्यापकांना मोडी वाचता येत नाही. वाचणारे जे थोडे आहेत त्यांच्यापैकी अनेकांजवळ विद्यापीठीय पदवी नाही, म्हणून त्यांना ‘प्रकल्प-साहाय्यक’ म्हणून नेमता येत नाही. जुन्या साच्यात ‘सेवा भाड्याने घेणे’ असा एक रकाना होता, टंकलेखन वगैरेंसाठी. जाणकार अर्जदार मोडीवाचकाचा मोबदला तेथे दाखवीत. त्यासाठी पृष्ठसंख्या अर्जातच द्यावी लागे. रुमाल सोडल्याशिवाय पृष्ठे मोजता येत नाहीत, आणि रुमाल सोडायला जाण्याचा प्रवासखर्च मंजुरीनंतरच मिळतो.